मालिकेचं ऐकणारे आणि मालिकेशी भांडणारे

एखाद्या जुन्या विज्ञानकथा मालिकेचा वर्धापनदिन आला, तिच्यातला एखादा कलाकार गेला किंवा कुणी ती नव्याने काढायला घेतली, की तोच वाद त्याच दोन पक्षांत त्याच दारूगोळ्यानिशी पेटतो. एका बाजूला साक्षीदार असतात. या मालिकेने मला इंजिनिअर केलं, या मालिकेने मला तारलं, असं ते सांगतात. दुसऱ्या बाजूला हिशेबनीस असतात. पुठ्ठ्याच्या ग्रहांवर आणि रबरी कानांवर माणसाने आयुष्याची इतकी वर्षं उधळावीत का, असा त्यांचा सवाल. पहिल्यांचा पुरावा म्हणजे यशस्वी माणसांची यादी; दुसऱ्यांचा पुरावा म्हणजे गणवेश घालून मेळाव्याला गेलेल्यांचे फोटो. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत असतं आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. मालिका देणारी आणि चाहता निमूट घेणारा, हे दोघेही गृहीत धरतात. भांडण उरतं ते फक्त दिलेलं औषध होतं की विष, एवढ्यापुरतं.

मला ते गृहीतकच मान्य नाही. विज्ञानकथा मालिकेमुळे माणसाचं आयुष्य घडू शकतं याबद्दल मला शंका नाही. पण ते तिच्या शिकवणुकीने घडत नाही, तिच्याशी घातलेल्या वादाने घडतं. मालिकेचं मुकाट ऐकणाऱ्या चाहत्याचं बहुधा काहीच होत नाही. क्वचित भयंकर काहीतरी होतं. जो तिच्या चुका काढतो, तिने दिलेला शब्द तिलाच पाळायला लावतो, तिने टाळलेला प्रश्न उचलून घरी नेतो, त्याच्या हाती काहीतरी लागतं.

आधी माझ्याच बाजूच्या साक्षीदारांची उलटतपासणी करतो, कारण त्यांचा पुरावा कच्चा आहे. देव न मानणाऱ्या ग्रीक डायगोरसची एक गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रं दाखवून कुणीतरी त्याला विचारलं, आता तरी देवांना मानतोस का? त्याने उलट विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? त्सिओल्कोव्स्की आणि ओबर्थ हे रॉकेटविद्येचे आद्य पुरुष ज्यूल व्हर्न वाचून भारावले होते, हे खरंच आहे. पण व्हर्न वाचून भारावलेली आणि पुढे आयुष्यभर कारकुनी केलेली मुलं कुणी मोजली? यादीतली काही नावं तर मुळातच चुकीच्या खात्यावर टाकलेली असतात. मार्टिन कूपर यांनी 1973 मध्ये हातात मावणाऱ्या मोबाइल फोनवरून पहिला कॉल केला. त्यांना ती कल्पना ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेतल्या झाकणाच्या संपर्कयंत्रावरून सुचली, ही कथा इतकी फिरली की ती आता इतिहास म्हणून सांगितली जाते. पुढे खुद्द कूपर यांनीच सांगितलं की प्रेरणा होती ती डिक ट्रेसीच्या कॉमिकमधल्या मनगटी रेडिओची. चाहत्यांनी हा खुलासा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

म्हणून ‘मालिका पाहिली आणि अंतराळवीर झाली’ असली वाक्यं मी बाजूला ठेवतो. मे जेमिसन यांचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. 1992 मध्ये ‘एन्डेव्हर’ या नासाच्या शटलमधून अंतराळात गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ‘स्टार ट्रेक’मधली लेफ्टनंट उहुरा, यानावरची कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी, त्यांना लहानपणी भावली होती आणि यानावर त्या आपली पाळी उहुराच्या ठरलेल्या वाक्याने सुरू करत. पण त्यांनीच सांगितलेली दुसरी गोष्ट कमी उद्धृत होते. अपोलो मोहिमांच्या काळात, अंतराळवीरांत एकही बाई का नाही, याचा त्या लहान मुलीला मनस्वी राग यायचा. म्हणजे राग आधीपासून होता आणि तो प्रत्यक्ष जगावर होता. मालिकेने तिला उपदेश केला नाही, तिच्या बाजूने साक्ष दिली. बायका अंतराळात जात नसतात, असं मोठी माणसं सांगत असताना पडद्यावर एक जण रोज कामावर हजर होत होती. वादात अशी एक साक्ष किती उपयोगी पडते, हे ज्याला एकट्याने वाद घालावा लागला आहे त्यालाच कळेल.

आणि ही उहुरा तरी काय करत होती? बहुतेक भागांत आलेला निरोप कप्तानाला सांगणं एवढंच तिचं काम. तिचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर ती भूमिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग भेटले, त्यांनी गळ घातली म्हणून त्या थांबल्या. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तेविसाव्या शतकातल्या यानावर आपण बसलो आहोत आणि विसाव्या शतकातल्या नासाच्या अंतराळवीरांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय औषधालाही नाहीत, ही विसंगती त्यांनी गिळली नाही. 1977 मध्ये नासासाठी उमेदवार शोधण्याची मोहीम त्यांनी अंगावर घेतली. 1978 च्या तुकडीत 35 जण निवडले गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. याचं सगळं श्रेय निकोल्स यांना देणं म्हणजे पुन्हा नवसाची चित्रं लावण्यासारखं होईल. कायदे बदलले होते, नासाचं धोरण बदललं होतं. पण एका काल्पनिक पात्राने दिलेला शब्द खऱ्या संस्थेकडून वसूल करायला त्या गेल्या, याला माझ्या लेखी महत्त्व आहे.

त्याच सुमारास चाहत्यांनी दुसरीही एक मोहीम चालवली होती आणि तुलनेसाठी ती सोयीची आहे. नासाच्या पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि 1976 मध्ये ते नाव बदलून मालिकेतल्या यानाचं, ‘एन्टरप्राइज’ झालं. मालिकेचे कलाकार समारंभाला गेले, छान फोटो निघाले. गंमत अशी की ते शटल चाचणीपुरतं होतं. 1977 मध्ये त्याला विमानाच्या पाठीवरून सोडून तरंगत उतरवण्याच्या चाचण्या झाल्या आणि ते अंतराळात कधीच गेलं नाही. भक्तांनी नाव मागितलं, त्यांना नाव मिळालं. निकोल्स यांनी माणसं मागितली.

वाद घालणारा चाहता म्हणजे नेमका कोण, हे मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ‘रिंगवर्ल्ड’च्या प्रकरणात. लॅरी निव्हन यांची ही कादंबरी 1970 मध्ये आली. ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढं एक अजस्र कडं बांधलेलं आहे, ते स्वतःभोवती फिरतं म्हणून आतल्या पृष्ठभागावर वजन जाणवतं आणि तिथे माणसं राहतात, अशी कल्पना. पुढच्याच वर्षी बॉस्टनला जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत फिरले: रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! त्यांचं बरोबर होतं. अखंड, एकसारखं कडं मध्यावरच्या ताऱ्यापासून जरा जरी सरकलं तरी ते परत जागेवर येत नाही. जिकडे सरकलं तिकडेच आणखी ओढलं जातं आणि शेवटी ताऱ्यावर आदळतं. शनीची कडी अखंड असू शकत नाहीत हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1859 मध्ये साधारण याच वाटेने दाखवलं होतं. निव्हन यांनी काय केलं? त्यांनी दहाएक वर्षांनी या कथेची पुढची कादंबरी लिहिली. तिच्यात कड्याला जागेवर धरून ठेवणारी प्रचंड इंजिनं आली आणि ती इंजिनं कुणी काढून नेली हाच कथेचा कणा झाला. एका पुस्तकाची मालिका झाली ती वाचकांच्या तक्रारीमुळे. त्या बोळांत ओरडणाऱ्या मुलांना कुणी विचारलं असतं की या कादंबरीतून तुम्ही काय शिकलात, तर त्यांनी काय सांगितलं असतं? कादंबरीत जे नव्हतं तेच ते शिकले होते. पण कादंबरीवर जीव जडला नसता तर सुट्टीच्या दिवशी गतिशास्त्राची गणितं कोण करत बसतं?

विज्ञानकथा मालिकेचा गुण इथे आहे. इतर ललित वाङ्मयही माणसाला हलवतं, कदाचित जास्त खोल हलवतं. पण विज्ञानकथा आधी एक नियम घालून देते आणि मग त्या नियमाचे परिणाम दाखवायचं कबूल करते. मालिका असली की हा करार वर्षानुवर्षं चालतो, लेखक बदलतात, पहिल्या सीझनमधला नियम चौथ्यात कुणाच्या लक्षात राहत नाही. चाहत्याच्या मात्र लक्षात असतो. त्याने पारायणं केलेली असतात. सोयीनुसार नियम वाकवणाऱ्याला पकडण्याची सवय त्याला इथे लागते आणि ती सवय मालिकेपुरती राहत नाही. ऑफिसच्या बैठकीत ‘पण मागच्या वेळी आपण वेगळं ठरवलं होतं’ असं म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. तो बऱ्याचदा कुठल्यातरी मालिकेचा चाहता निघतो, असा माझा एक खाजगी आणि सिद्ध न करता येणारा संशय आहे.

रोनाल्ड मूर यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लहानपणापासून ‘स्टार ट्रेक’चा चाहता असलेल्या या माणसाने ‘नेक्स्ट जनरेशन’ या तिच्या पुढच्या मालिकेच्या सेटवर फेरफटका मारायला मिळाला तेव्हा स्वतः लिहिलेली पटकथा तिथल्या एकाच्या हातात ठेवली. 1989 मध्ये ती पडद्यावर आली. कथा काय, तर मोहिमेवर गेलेली एक अधिकारी मरते आणि यानावर तिचा लहान मुलगा एकटा उरतो. ही मालिका कुटुंबंच्या कुटुंबं यानावर घेऊन फिरत होती आणि दर काही भागांनी कुणा ना कुणाला मारतही होती; मेलेल्यांच्या मुलांचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. एका चाहत्याने विचारलं आणि त्याला नोकरी मिळाली. पुढे ‘व्हॉयेजर’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेत ते थोडाच काळ टिकले. घरापासून 70,000 प्रकाशवर्षं दूर भरकटलेलं यान पुढच्या आठवड्यात पुन्हा चकचकीत कसं होतं, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार त्यांनी नुसती मुलाखतीत बोलून सोडली नाही, 2003 पासून तिच्यावर आख्खी मालिका उभी केली. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या 1978 च्या मालिकेच्या नव्या अवतारात पाण्याची टाकी फुटली की पाणी खरंच कमी पडतं, आणि मानवजातीत किती जण उरले हा आकडा सुरुवातीच्या शीर्षकदृश्यातच दिसतो. 2009 च्या मार्चमध्ये या मालिकेच्या निमित्ताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा झाली. ‘स्टार ट्रेक’वरच्या निष्ठेतून हे झालं का? झालं, पण ज्या निष्ठेत ‘तुझं हे पटलं नाही’ म्हणायची सोय आहे अशा निष्ठेतून.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. 1997 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’ या पंथाच्या 39 जणांनी एकत्र मृत्यू पत्करला. हेल-बॉप धूमकेतूच्या आडून आपल्याला न्यायला यान येत आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या बाहीवर ‘अवे टीम’ असं लिहिलेलं होतं. ‘स्टार ट्रेक’मध्ये यान सोडून परक्या ग्रहावर उतरणाऱ्या तुकडीला हेच म्हणतात. मरणाऱ्यांमध्ये निशेल निकोल्स यांचा सख्खा भाऊ होता. एकाच मालिकेची सावली एका घरातल्या दोघांवर पडली. बहिणीने नासाकडे माणसं पाठवली आणि भाऊ असा गेला. या घटनेपुढे ‘मालिका म्हणजे नुसती करमणूक, तिचा काय परिणाम होणार’ हा बचाव करता येत नाही. मी तो करणारही नाही. मालिका बळ देते असं एका तोंडाने म्हणायचं आणि तिने दिलेले शब्द कुणाच्या भ्रमाला वापरले गेले की हात झटकायचे, हा दुटप्पीपणा झाला.

पण म्हणून मालिकेवर ठपका येतो का? त्या पंथाची मुळं मालिकेत नव्हती. गुरू होता, बायबलचा स्वतःच्या सोयीने लावलेला अर्थ होता, घरादारापासून तोडण्याची वर्षानुवर्षांची पद्धत होती. मालिकेतून त्यांनी शब्द आणि वेश घेतला आणि एक गोष्ट नेमकी सोडून दिली. ‘स्टार ट्रेक’मध्ये देव म्हणून पुढे येणाऱ्याची कप्तान उलटतपासणी करतो आणि बहुतेक वेळा तो देव खोटा निघतो. ज्या चाहत्याने मालिकेशी एकदा तरी वाद घातला असता त्याला आपल्या गुरूबद्दल हाच प्रश्न पडला असता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माणसाचं मन इतकं सरळ नसतं. एवढंच म्हणतो की तिथे जे घडलं ते आज्ञापालन होतं, आणि त्या आज्ञा मालिकेच्या नव्हत्या.

पुस्तकं वाचून डोकं फिरलेल्या माणसाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट 1605 ची आहे. डॉन किहोटे शूरवीरांच्या कथांच्या मालिका वाचून पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच पुस्तकात गावचा पाद्री आणि न्हावी मिळून त्याची पुस्तकं जाळायला बसतात तो प्रसंग मात्र काळजीपूर्वक वाचायला हवा. पाद्री एकेक पुस्तक हातात घेतो आणि हे टाकाऊ, हे सुमार, हे मात्र आपल्या जातीतलं सर्वोत्तम, याला हात लावू नका, असा निवाडा करतो. म्हणजे त्या गृहस्थाने ती सगळी वाचलेली आहेत, चवीने वाचलेली आहेत, आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे! फरक कुठे पडला? किहोटेने पुस्तकांचं ऐकलं, पाद्रीने त्यांना गुण दिले. आणि ज्याने त्या कथांशी सगळ्यात मोठं भांडण मांडलं त्या सर्व्हान्तिसने, म्हणजे या पुस्तकाच्या लेखकाने, तर कादंबरीलाच नवी वाट करून दिली.

आजच्या किहोटेंना भाला लागत नाही. ‘स्टार वॉर्स’च्या 2017 च्या चित्रपटातल्या भूमिकेनंतर केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला इतक्या शिव्याशाप मिळाले की तिने 2018 मध्ये आपल्या इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. हेही मालिकेशी भांडणच नव्हे का, असं मला कुणी विचारेल आणि प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: एमआयटीच्या मुलांनी कड्याची चूक काढली, ती कथेतल्या नियमाला धरून होती आणि लेखकाला तिचं उत्तर देता आलं. ट्रॅनवर तुटून पडलेल्यांना उत्तर नको होतं. दहाव्या वर्षी पाहिलेलं जग जसंच्या तसं राहावं, त्यात अनोळखी चेहरे येऊ नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. तोंडाने आरडाओरडा केला म्हणून आज्ञाधारकपणा संपत नाही. पोथी बदलली म्हणून चिडणारा हा सगळ्यात आज्ञाधारक भक्त असतो. उलट पाहा. मूळ ‘स्टार ट्रेक’चा शेवटचा भाग 1969 च्या जूनमध्ये लागला आणि त्यात स्त्रियांना यानाचं कप्तानपद मिळत नाही असा उघड सूर होता. त्या मालिकेचं पहिलं चाहता-नियतकालिक 1967 मध्ये दोन स्त्रियांनी काढलेलं होतं आणि सुरुवातीची चळवळ प्रामुख्याने स्त्रियांनीच चालवली होती. त्यांनी तो भाग मानला असता तर गप्प बसल्या असत्या. त्या गप्प बसल्या नाहीत; मालिकेचं समतेचं वचन त्यांनी मालिकेच्या विरोधात वापरलं. बाई कप्तान असलेली ‘स्टार ट्रेक’ मालिका यायला 1995 उजाडलं.

राहिला वेळेचा हिशेब. अंतराळवीर नाही, लेखक नाही, कुणीच नाही झालेल्या चाहत्याचं काय? ‘स्टार ट्रेक’मध्ये कप्तानाचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी 1986 मध्ये एका विनोदी कार्यक्रमात स्वतःच्याच चाहत्यांना ‘जरा जगा की’ असं सुनावलं आणि लोक अजून हसतात. मला इथे ‘डॉक्टर हू’चे चाहते आठवतात. 1963 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या पहिल्या दशकातल्या भागांच्या टेप बीबीसीने पुढे पुसून टाकल्या. जपून ठेवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. नव्वदहून अधिक भागांची चित्रं त्यात गेली. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण तेव्हा काही मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून, घरच्यांना गप्प बसवून, भाग ध्वनिमुद्रित करत होती. आज त्या आवाजांवर ॲनिमेशन करून ते भाग पुन्हा उभे केले जातात. कुठल्याही जमाखर्चात त्या संध्याकाळी वाया गेलेल्याच धरल्या गेल्या असत्या. मालकाने कचरा ठरवलेली वस्तू मोलाची आहे, हे म्हणायला बारा-तेरा वर्षांच्या पोराला बराच आगाऊपणा लागतो. त्यांतल्या बहुतेकांचं पुढे काय झालं ते प्रसिद्ध नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. चाहत्याचं प्रेम ही आता मोठी बाजारपेठ आहे आणि कंपन्यांना ऐकणारा चाहता हवा असतो, भांडणारा नको. चाहत्यांनी वर्गणी काढून ‘स्टार ट्रेक’च्या विश्वात एक मोठा चित्रपट करायला घेतला, तेव्हा 2015 च्या अखेरीस मालक कंपन्या कोर्टात गेल्या. कायदा त्यांच्या बाजूने आहे, हेही खरं. 2016 मध्ये त्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम जाहीर केले. एक कथा 15 मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून अर्धा तास. मालिकेत कधी काम केलेला कलाकार किंवा तंत्रज्ञ घ्यायचा नाही. आणि गणवेश दुकानातून आणलेला असेल, तर तो कंपनीचा अधिकृत मालच असला पाहिजे.